नेवरोजच्या मैदानावरची झडती

दर वर्षी मार्च उजाडला, की जर्मनीत कुर्द लोकांच्या नेवरोजवरून तोच वाद नव्याने सुरू होतो. २१ मार्चच्या आगेमागे येणाऱ्या एखाद्या शनिवारी फ्रँकफर्ट, हॅनोव्हर किंवा अशाच एखाद्या मोठ्या शहरात देशभरातून बसगाड्या भरभरून कुर्द कुटुंबे येतात, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांनी मैदान फुलून जाते, शेकोटी पेटते, हजारो माणसे करंगळीत करंगळी अडकवून गोवेंद नावाचा फेर धरतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत मात्र एवढेच विचारले जाते की हा वसंताचा सण होता की बंदी घातलेल्या एका पक्षाची, कुर्दिस्तान कामगार पक्षाची (पीकेकेची), सभा होती. एक बाजू म्हणते की नाचगाण्यात कसले आले राजकारण, हा निव्वळ सांस्कृतिक सोहळा आहे. दुसरी बाजू म्हणते की सण हे नुसते निमित्त आहे, खरे काम व्यासपीठावरून चालते. या देशात मी बरीच वर्षे राहते आहे, कुर्द शेजाऱ्यांबरोबर या सणाला गेले आहे, आणि मला दोन्ही बाजूंचे म्हणणे सारखेच अपुरे वाटते. नेवरोज राजकीय आहे, आणि तो तसा असण्यात गैर काही नाही. उलट त्यातून राजकारण गाळून काढण्याच्या खटपटीत जर्मन राज्ययंत्रणा ज्या पक्षाला आवरू पाहते, त्याच पक्षाच्या हाती तिने हा सण नेऊन दिला आहे, असे माझे मत आहे.

मराठी वाचकाला हा सण अगदी परका नाही. मुंबईतील पारशी कुटुंबे २१ मार्चला जमशेदी नवरोज पाळतात, आणि इराणपासून मध्य आशियापर्यंत पसरलेल्या या सणाची युनेस्कोने २००९ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली, तेव्हा ज्या देशांच्या नावे ती झाली त्यांत भारत होता आणि तुर्कस्तानही होता. कुर्दांच्या नेवरोजला मात्र एक वेगळे वळण आहे. त्याच्या मध्यभागी आग आहे आणि एक लोहार आहे. खांद्यांवर दोन साप उगवलेला झोहाक नावाचा जुलमी राजा रोज दोन तरुणांचे मेंदू त्या सापांना खाऊ घालत असे. ज्याची मुले अशी बळी गेली त्या कावा लोहाराने एके दिवशी कमरेचे चामडे भाल्याला बांधले, लोक गोळा केले, राजाला संपवले आणि डोंगरावर आग पेटवून सुटकेची वर्दी दिली. ही कुर्द घरांत सांगितली जाणारी कथा. फिरदौसीच्या शाहनाम्यात ती थोड्या निराळ्या रूपात येते, आणि सापांच्या तोंडून वाचवून डोंगरांत पाठवलेल्या तरुणांपासूनच कुर्द लोक निर्माण झाले, असेही तिथे म्हटले आहे.

या ठिकाणी एक अभ्यासू आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. शाहनाम्यात झोहाकावरील विजयाचा संबंध शरद ऋतूतल्या मेहेरगानशी जोडलेला आहे, वसंतातल्या नवरोजशी जोडलेला नाही. कावाची कथा आणि वसंतारंभ यांची गाठ कुर्द कवींनी आणि कार्यकर्त्यांनी विसाव्या शतकात मारली. इराकमधील सुलैमानिया शहरात कवी पीरेमेर्द यांनी टेकडीवर आग पेटवून नेवरोज जाहीरपणे साजरा करण्याची प्रथा रुजवली, ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली गोष्ट. तेव्हा हा सण 'प्राचीन परंपरा' म्हणून पुढे करणाऱ्यांनी थोडे जपून बोलावे, हे मला मान्य आहे. पण त्यावरून सिद्ध काय होते? सार्वजनिक सण कोणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी सुरू करतोच. सणाचे वय किती हे विचारण्यापेक्षा तो कोणत्या गरजेतून उभा राहिला हे विचारले, तर उत्तर अधिक उपयोगाचे मिळते.

ती गरज तुर्कस्तानने निर्माण केली. १९२८ च्या कायद्याने ठरलेल्या तुर्की वर्णमालेत क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरे नाहीत आणि कुर्द भाषेत ती तिन्ही आहेत. नेवरोज हा शब्दच डब्ल्यूने लिहिला जातो. १९८० च्या लष्करी उठावानंतर तर कुर्द भाषेत छापण्या-बोलण्यावर कायद्याने बंदी आली आणि ती १९९१ पर्यंत टिकली. १९९२ च्या नेवरोजला जिज्रे, शिरनाक आणि नुसायबिन या गावांत सुरक्षा दलांच्या गोळीबारात पन्नासहून अधिक माणसे मेली. सण दडपता येत नाही असे दिसल्यावर १९९० च्या दशकाच्या मध्याला सरकारने तोच उचलून 'नेव्रुझ' या नावाने, व्ही अक्षर घालून, तुर्की सण म्हणून साजरा करायला सुरुवात केली. मंत्री शेकोटीवरून उड्या मारू लागले, ऐरणीवर घण घालू लागले, आणि पुढच्या वर्षांत निमंत्रणपत्रिकेवर डब्ल्यू छापला म्हणून नगराध्यक्षांवर खटले भरले जात होते. २०१३ मध्ये ती तीन अक्षरे मोकळी करण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी २१ मार्चला दियारबकरच्या मैदानावर लाखो लोकांसमोर पीकेकेचे संस्थापक अब्दुल्ला ओजलान यांचे तुरुंगातून आलेले शस्त्रसंधीचे पत्र वाचले गेले. मार्च २०१८ मध्ये सीरियातील अफ्रिन शहर तुर्की सैन्याच्या आणि त्याच्या साथीदारांच्या हाती पडले, तेव्हा त्यांनी चौकातला कावा लोहाराचा पुतळा पाडला. २० मार्च २०२३ च्या संध्याकाळी त्याच अफ्रिन भागातल्या जिंदेरेस गावात घराबाहेर नेवरोजची आग पेटवली म्हणून एका कुटुंबातील चार जणांना गोळ्या घातल्या गेल्या. ज्या सणाच्या शेकोटीसाठी माणसे आजही मारली जातात, त्या सणाला 'राजकारण वगळून या' असे सांगणे म्हणजे नेमके काय वगळायला सांगणे आहे?

जर्मनीत हा सण कामगारांच्या पावलांनी आला. ३० ऑक्टोबर १९६१ च्या करारानुसार तुर्कस्तानातून कारखान्यांसाठी जी माणसे आणली गेली त्यांत मराश, देरसिम, सिवास या भागांतले असंख्य कुर्द होते, पण पारपत्रावर जे लिहिले होते त्याप्रमाणे ते सगळे 'तुर्क' म्हणून नोंदले गेले. १९८० च्या उठावानंतर राजकीय निर्वासित आले, पुढे इराक, इराण आणि सीरियातून आले. आज जर्मनीत कुर्द किती, याचे अंदाज पाच लाखांपासून दहा लाखांच्या पुढपर्यंत जातात, आणि नेमका आकडा निघत नाही याचे कारण हेच की इथली मोजणी नागरिकत्वावरून होते आणि कुर्द नागरिकत्व नावाची गोष्ट जगात नाही. कचेरीत तुर्क, शाळेत तुर्क, रुग्णालयातल्या दुभाष्याच्या यादीत तुर्क, अशी ज्याची नोंद आहे त्याला वर्षातून एक दिवस तरी उघड्या मैदानावर आपण कोण हे सांगावेसे वाटणारच. पारशी कुटुंबाचा नवरोज घरातल्या मेजाभोवती पुरा होऊ शकतो, कारण त्या कुटुंबाच्या पारशी असण्याविषयी कोणाची तक्रार नाही. कुर्दांचा नेवरोज मैदानावर आल्याशिवाय पुरा होत नाही.

एका वर्षी मी शेजारच्या कुर्द कुटुंबाबरोबर अशाच एका मैदानावर गेले होते. घरातली आजी, जिला आमच्या इमारतीत सगळे 'दायी' म्हणजे आई म्हणतात, गडद निळ्या मखमलीचा पायघोळ झगा घालून आणि कमरेला चकचकीत पट्टा बांधून निघाली होती. गळ्यात लाल-पिवळा-हिरवा रुमाल होता. त्याची कड तिने स्वतः सुईने विणलेली. मैदानाच्या तोंडाशी पोलिसांनी अडथळे लावून अरुंद वाट केली होती आणि तिथे एका तरुण पोलिसाच्या हातात प्लास्टिकच्या आवरणातला एक कागद होता, ज्यावर बंदी असलेल्या चिन्हांची रंगीत चित्रे ओळीने छापली होती. रुमालाच्या मधोमध एक तारा होता. पोलीस रुमालाकडे आणि कागदाकडे आळीपाळीने पाहत राहिला, मग त्याने वरिष्ठांना बोलावले, दोघांनी ताऱ्याचा रंग, त्याभोवतीची जागा, कडेचा आकार असे सगळे ताडून पाहिले आणि रुमाल चालेल असे ठरवले. दायीच्या मागे उभ्या असलेल्या मुलाचा झेंडा मात्र चालला नाही. तो गुंडाळून घेतला गेला आणि मुलाला पावती मिळाली. पोलीस उद्धट नव्हता, त्याने दायीची क्षमाही मागितली. वाट ओलांडल्यावर दायी नातीला कुर्द भाषेत काहीतरी म्हणाली, ते नातीने मला सांगितले: "तिकडे अक्षर बघायचे, इथे तारा बघतात."

दायीच्या या वाक्यावर जर्मन वाचक दुखावेल आणि त्याला तसा हक्क आहे, कारण दोन्ही गोष्टी एकाच मापाच्या नाहीत. तुर्कस्तानात भाषेवरच घाला होता. इथे बंदी एका संघटनेवर आहे आणि तिला कारणे आहेत. ती कारणे सौम्य करून सांगणे हा अप्रामाणिकपणा होईल. कुर्दिस्तान कामगार पक्षाने, म्हणजे पीकेकेने, स्वतःपासून फुटलेल्या कुर्दांना जर्मनीच्या भूमीवर संपवले आणि त्यावरून १९८९ पासून ड्युसेलडॉर्फमध्ये वर्षानुवर्षे खटला चालला. २४ जून १९९३ ला म्युनिकच्या तुर्की वाणिज्य दूतावासात लोकांना ओलीस धरले गेले, त्याच दिवशी कित्येक शहरांत तुर्की बँका आणि प्रवास कंपन्या फोडल्या गेल्या. ४ नोव्हेंबरच्या दुसऱ्या लाटेत वीस्बाडेनमध्ये एक माणूस मेला आणि २६ नोव्हेंबर १९९३ ला बंदी आली. १९९४ चा नेवरोज तर इथल्या लोकांच्या स्मरणात महामार्ग अडवल्याचा, पोलिसांशी झटापटींचा आणि मानहाइममध्ये दोन कुर्द तरुणींनी स्वतःला पेटवून घेतल्याचा आहे. कुर्द दुकानदारांकडून वर्गणीच्या नावाखाली धाकाने पैसे उकळले गेले, हे कुर्दच सांगतात. एखाद्या राज्याने अशा संघटनेवर बंदी घातली तर ती अकारण घातली असे मी म्हणणार नाही.

माझा मुद्दा निराळा आहे. ओलीस धरणे, जाळपोळ, खून आणि खंडणी ही कृत्ये आहेत, आणि ती करणाऱ्याला शिक्षा करायला फौजदारी कायदा पुरेसा आहे. संघटनाबंदीच्या कायद्याने पोलिसाच्या हाती चित्रांचा कागद दिला, तिथे गणित बदलले. त्या कायद्याच्या विसाव्या कलमानुसार बंदी असलेल्या संघटनेचे चिन्ह मिरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिक्षा आता हातून घडलेल्या गोष्टीला राहिली नाही, तर हातात धरलेल्या गोष्टीला झाली, आणि एकदा ही वाट धरली की ती कुठे थांबते हे सांगता येत नाही. मार्च २०१७ मध्ये गृहमंत्रालयाने चिन्हांची यादी वाढवली. त्या महिन्यात फ्रँकफर्टच्या नेवरोजला सुमारे तीस हजार लोक आले, त्यांतल्या अनेकांच्या हाती ओजलान यांची चित्रे होती, पोलिसांनी गर्दीत शिरण्यापेक्षा चित्रीकरण करणे शहाणपणाचे मानले आणि त्यावर तुर्कस्तानने जर्मन राजदूताला बोलावून घेतले. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंदी एका कुर्द प्रकाशनसंस्थेवर आणि एका संगीत कंपनीवर आली, पुस्तके आणि ध्वनिफिती जप्त झाल्या, आणि पुढे संघीय प्रशासकीय न्यायालयाने ती कायम ठेवली. सीरियातील ज्या कुर्द तुकड्यांनी २०१४-१५ मध्ये कोबानी शहर इस्लामिक स्टेटच्या हाती जाऊ दिले नाही, त्यांच्या झेंड्यावर एका प्रांतात खटला झाला आणि दुसऱ्या प्रांतात झाला नाही. ज्या कायद्याचा अर्थ रेल्वेच्या दोन तासांच्या प्रवासात बदलतो, तो पाळायचा कसा?

जर्मन वाचकांशी या विषयावर बोलताना मी त्यांना हाम्बाखची आठवण करून देते. १८३२ मध्ये राइनलगतच्या त्या भागावर बव्हेरियाचे राज्य होते आणि राजकीय सभांना मनाई होती. म्हणून झीबेनफायफर आणि विर्थ या दोन पत्रकारांनी सभा बोलावली नाही, त्यांनी वसंताचा उत्सव बोलावला. २७ मे १८३२ ला नॉयश्टाटजवळच्या हाम्बाख किल्ल्याच्या पडक्या अवशेषांकडे वीस ते तीस हजार माणसे काळे-लाल-सोनेरी झेंडे घेऊन चढून गेली. त्यांच्यात रशियन झारने चिरडलेल्या उठावातून पळून आलेले पोलिश निर्वासित होते आणि जर्मन झेंड्यांबरोबर त्यांचाही झेंडा फडकला. हा उत्सव होता की सभा? दोन्ही होता, आणि हे राज्यकर्त्यांना पुरते कळले होते. ५ जुलै १८३२ ला जर्मन संस्थानांच्या राज्यसंघाने राजकीय संघटना, सभा आणि उत्सव यांच्याबरोबर ते रंग मिरवण्यावरही बंदी घातली. सोळा वर्षांनी त्याच राज्यसंघाला तेच रंग आपले म्हणून स्वीकारावे लागले आणि आज ते जर्मन संसदेवर आहेत. हाम्बाखचा किल्ला जर्मन लोकशाहीचे जन्मस्थान म्हणून शाळेच्या मुलांना दाखवला जातो. त्या मुलांच्या वर्गात कुर्द मुले असतात, आणि परतीच्या वाटेवर त्यांनी काय प्रश्न विचारावेत असे आपल्याला वाटते?

यावर कोणी म्हणेल की हाम्बाखला गेलेल्यांनी बॉम्ब टाकले नव्हते. खरे आहे, पण पुढचे वर्षही आठवावे. ३ एप्रिल १८३३ ला त्याच चळवळीतील विद्यार्थ्यांच्या एका गटाने फ्रँकफर्टमध्ये पोलीस चौक्यांवर सशस्त्र हल्ला केला, माणसे मेली, आणि उठाव तासाभरात फसला. आजचा एकही जर्मन इतिहासकार त्या हल्ल्यावरून हाम्बाखच्या तीस हजारांना हल्लेखोर ठरवत नाही. चळवळीच्या कडेला हिंसा असते तेव्हा तिच्या मधल्या विशाल जनसमुदायाला कडेवरून ओळखायचे की कडेला त्या जनसमुदायापासून तोडायचे, हा राज्यकर्त्यांपुढचा खरा निवाडा आहे.

आपल्याकडे हा निवाडा एकदा उघड न्यायालयात झाला आणि तो कसा झाला हे मराठी माणसाला विसरता येणार नाही. जून १८९७ मध्ये पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला, त्यात अफजलखानाच्या वधावर भाषणे झाली, 'केसरी'ने त्यांचा वृत्तांत छापला, आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. टिळकांचा त्या खुनाशी संबंध सिद्ध करता आला नाही, तेव्हा उत्सवाचा वृत्तांतच राजद्रोह ठरवण्यात आला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरींना समजावून दिले की सरकारविषयी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव. सहा युरोपीय ज्यूरींनी दोषी म्हटले, तीन हिंदी ज्यूरींनी निर्दोष म्हटले, आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. उत्सवातल्या शब्दांवरून आणि रंगांवरून माणसाच्या मनातले हेतू वाचू गेले की कायदा प्रीतीच्या अभावापर्यंत कसा येऊन पोहोचतो, हे त्या खटल्याने दाखवून दिले. त्याच काळातली आपली दुसरी आठवण मात्र अवघड आहे आणि ती झाकून हा दाखला देणे योग्य नाही. १८९३-९४ पासून गणेशोत्सव सार्वजनिक होताना, मोहरमच्या ताबुतांत पूर्वी हौसेने भाग घेणाऱ्या हिंदूंना त्यापासून दूर ओढणारी पदे मेळ्यांनी म्हटली. सण माणसांना एकत्र आणतो तेव्हा कोणाला तरी बाहेर ठेवू शकतो. नेवरोजच्या व्यासपीठावरून तुर्क शेजाऱ्याविषयी द्वेष पसरवला गेला तर त्याचा निषेध मी करीन, आणि कुर्दांनी तो सर्वांत आधी करावा असे म्हणेन. त्या निषेधाला झेंड्यांच्या चित्रांचा कागद लागत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येते, कारण तो मी कुर्द मैत्रिणींकडूनच ऐकला आहे. त्या म्हणतात की नेवरोज सगळ्या कुर्दांचा आहे, पण मोठ्या मैदानावरचा नेवरोज एकाच विचाराच्या संस्था भरवतात, व्यासपीठावर एकाच नेत्याचे चित्र असते, आणि इराकमधून आलेल्या, इराणमधून आलेल्या किंवा कोणत्याच पक्षात नसलेल्या कुर्दाला तिथे पाहुण्यासारखे वाटते. ही तक्रार खरी आहे आणि मैदानावर मीही ती अनुभवली आहे. प्रश्न एवढाच की असे का झाले. माझ्या शेजारच्या दायीच्या नातीने आणि तिच्या विद्यापीठातील काही कुर्द मैत्रिणींनी एका वर्षी आपला वेगळा, लहानसा नेवरोज भरवायचे ठरवले. शहराच्या मालकीचे एक सभागृह मागितले. कचेरीतून विचारणा झाली की तुमची संस्था कोणती. संस्था नाही म्हटल्यावर विचारणा झाली की बंदी असलेल्या पक्षाशी तुमचा संबंध नाही हे कशावरून. असा संबंध नसल्याचा पुरावा कोण कुठून आणणार? सभागृह मिळाले नाही, आणि त्या सगळ्या जणी त्या शनिवारी बसमध्ये बसून मोठ्या मैदानावर गेल्या. दर वर्षी संशय झेलायची, वकील द्यायची आणि जाहीर करण्याच्या ४८ तास आधी जमावाची नोंद करून पोलिसांशी अटी-शर्तींवर वाटाघाटी करायची ताकद ज्यांच्याकडे आहे, ते फक्त पक्षाच्या शिस्तीतले लोक आहेत. सरसकट संशयाने पक्ष दुबळा होत नाही, पक्षाबाहेरचे कुर्द दुबळे होतात.

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या नॅशव्हिल शहराशी तुलना करून पाहावी. १९७० च्या दशकापासून, आणि विशेषतः १९९१ आणि १९९६ नंतर, इराकी कुर्द तिथे वसले आणि आज ती अमेरिकेतली सर्वांत मोठी कुर्द वस्ती आहे. तिथला नेवरोज बागेत भरतो आणि शहर त्याला आपला मानते. अमेरिकेने १९९७ पासून पीकेकेला दहशतवादी संघटना ठरवले आहे, आणि २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा संघटनेला शांततेच्या मार्गाचे प्रशिक्षण देणेही गुन्हा ठरू शकते असा कडक निर्णय दिला. पण त्याच निकालाने हेही स्पष्ट केले की संघटनेच्या सांगण्याबाहेर, स्वतःहून मत मांडणे कायद्याच्या कक्षेत येत नाही. झेंडा हाती धरणाऱ्याची झडती तिथे होत नाही आणि त्यामुळे राज्य कोसळलेले नाही. नॅशव्हिलचे कुर्द मुख्यतः इराकमधले असल्याने तिथे पीकेकेचा प्रभाव मुळातच कमी आहे, हा फरक मी लपवत नाही. तरीही कृत्य आणि मत यांच्यामध्ये रेघ ओढता येते हे तर त्यावरून दिसते.

राहिला 'परदेशातले भांडण आमच्या रस्त्यावर का' हा आक्षेप. तो करणाऱ्यांना २४ मार्च २०२४ ची बेल्जियममधील घटना आठवते: लूव्हनचा नेवरोज आटोपून परतणाऱ्या कुर्दांवर हॉयस्डेन-झोल्डर भागात जमावाने हल्ला केला. भांडण आले, हे खरे. पण सण साजरा करून घरी निघालेल्यांनी ते आणले, की त्यांच्या गाड्यांवरचे झेंडे पाहून चालून आलेल्यांनी? जो मार खातो त्याच्यामुळे शांतता बिघडली, या तर्काने मग प्रत्येक अल्पसंख्य समाजाला घरात बसवता येईल. शिवाय भांडण बाहेर ठेवायचे असेल तर ते दोन्ही दारांनी बाहेर ठेवावे लागेल, आणि एखाद्या परक्या सरकारच्या नाराजीवरून इथल्या मैदानावरच्या झडतीची कडकाई वाढू-घटू नये. २०२२ च्या शरदात इराणी कुर्द तरुणी जिना महसा अमिनी हिच्या मृत्यूनंतर 'जिन, जियान, आझादी' म्हणजे 'स्त्री, जीवन, स्वातंत्र्य' ही घोषणा युरोपभर घुमली. युरोपीय संसदेत एका स्वीडिश सदस्येने ती घोषणा देत स्वतःचे केस कापले. ती घोषणा कुर्द स्त्रियांच्या ज्या चळवळीतून आली, तिची वैचारिक नाळ ओजलान यांच्या लेखनाशी जुळलेली आहे आणि नेवरोजच्या मैदानावर ती कितीतरी आधीपासून लिहिली जात होती. संसदेत तिला मान मिळाला, आणि मैदानावर जिने ती आधी लिहिली तिच्या पिशवीची झडती झाली.

२०२५ मध्ये चित्र बदलले. २७ फेब्रुवारी २०२५ ला ओजलान यांनी पक्ष विसर्जित करण्याचे आवाहन केले, १२ मेला पक्षाने तो निर्णय जाहीर केला आणि ११ जुलैला सुलैमानिया प्रांतात सुमारे तीस लढवय्यांनी आपली शस्त्रे एका कढईत पेटलेल्या आगीत टाकली. पीरेमेर्द यांनी नेवरोजची आग पेटवली ते शहर तिथून दूर नाही. अशा वेळी जर्मनीने खंडणी आणि धाकदपटशा यांवरची नजर मुळीच ढिली करू नये, उलट वर्गणीसाठी दुकानात कोण शिरतो आणि फुटून निघालेल्याला कोण धमकावतो याचा तपास अधिक नेटाने करावा. चित्रांचा कागद मात्र खाली ठेवावा. शहरांनी आपल्या उत्सवांच्या यादीत नेवरोज घालावा, सभागृहे आणि बागा कोणत्याही कुर्द गटाला इतर नागरिकांसारख्याच अटींवर द्याव्यात, आणि एका मैदानाऐवजी पाच ठिकाणी पाच मतांचे नेवरोज होऊ द्यावेत.

दायीच्या नातीने या वर्षी पुन्हा अर्ज केला आहे. या वेळी तिने शहरातल्या वाचनालयामागचे अंगण मागितले आहे, साठ माणसांसाठी, लोखंडी घमेल्यातल्या शेकोटीसह. अर्ज भरताना ती माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. कार्यक्रमाचे स्वरूप सांस्कृतिक की राजकीय, यांपैकी एका चौकटीत खूण करा, असे तिथे छापले होते. ती थोडा वेळ थांबली, मग तिने दोन्ही चौकटींत खूण केली आणि त्याच संध्याकाळी अर्ज टपालात टाकला. उत्तर अजून आलेले नाही.